तिसरा दरवाजा

नियम एकच: मागच्या खुर्चीवर बसायचं, बोलायचं नाही.
खेळणारा अडला तरी नाही, रडकुंडीला आला तरी नाही.
शिव्या घातल्या तर त्या वहीत उतरवायच्या, वेळेसकट.

डंडीतली ही जुनी तागाची गिरणी.
तळमजल्यावर आता कॉफी मिळते,
वरच्या मजल्यावर आम्ही राज्यं बनवतो.
या राज्याचं नाव मिठाचा किल्ला. दोन वर्षं लागली.
तिसरा दरवाजा माझा.

अकरा घंटा, एक आरसा,
उंच कोनाड्यात निळा पक्षी, चोचीत किल्ली.
घंटा वाजवली की पक्षी आणखी वर सरकतो.
काही करू नका, एवढंच उत्तर.
नव्वद सेकंद माउसला हात लावू नका,
तो आपणहून खाली येतो.

रोरीने, वय सतरा, घंटा बडवबडव बडवल्या,
आरशावर डोकं आपटलं (खेळातलं)
आणि हेडफोन काढून म्हणाला, हे बिघडलंय.
वहीत: ४ वाजून १२. बिघडलंय.

झोफिया रात्रपाळी संपवून आलेली, अंगाला अजून सॅनिटायझरचा वास.
तिला ड्रॅगन आवडला, समुद्राचा रंग आवडला.
दरवाजाबद्दल म्हणाली, ज्याने हे केलं ना,
तो मला दिसतोय, मिशीला पीळ देत बसलेला.
मी वरच्या ओठावरून उगाच बोट फिरवलं.

गेडिस गुरुजी निवृत्त, गणितातले.
घंटांचे क्रम मांडत तीन पानं भरली,
यात सूत्र आहे, म्हणाले, मला अजून एक तास द्या.
दिला. बाहेर पडलेच नाहीत त्या खोलीतून,
आणि अभिप्रायात दहापैकी दहा.

एक जोडपं आलं. ती म्हणाली, हात काढ जरा.
त्याने काढला. एकोणसत्तर, सत्तर...
मी श्वास धरला.
तेवढ्यात विषय फ्रीजवर गेला, कुणी उघडा ठेवला होता रविवारी,
आणि त्याने रागाने घंटा ओढली.

निपाणीत शेजारच्या शकूमावशी आम्हाला हुमणं घालायच्या,
भाताला वाफ धरेपर्यंत उत्तर नाही.
बोलावलं की येत नाही, विसरलं की येते, सांग काय?
मी भूक म्हटलं, आठवण म्हटलं, उचकी म्हटलं.
घाई करशील तर नवीन घालीन, जुनं तसंच राहील.
चुलीसमोर विचार करता करता
मला लागली.

डगल म्हणतो, नव्वदचे वीस कर.
लोक पैसे मोजतात ते काहीतरी करायला,
नुसतं बसणं त्यांना घरी फुकट मिळतं.
चुकीचं नाही बोलत तो. म्हणूनच राग येतो.

शेवटच्या आल्या अ‍ॅग्नेस टॉश.
एकतीस वर्षं बस चालवली, खेळ म्हणून पत्ते तेवढे ठाऊक.
पहिल्या दोन दरवाजांना पाऊण तास, तिसऱ्यात दोन घंटा वाजवून
चष्म्यावर धुकं आलं म्हणून काढला,
पर्समध्ये रुमाल शोधला. रुमाल सापडेना.
चिमटे, पुदिन्याच्या गोळ्या, कुणाचं तरी जुनं तिकीट, ते वाचत बसल्या.
पडद्यावर पक्षी एक पायरी उतरला.
खिडकीबाहेर टे नदीवर दाट धुकं, पूल अर्धाच.
आणखी एक पायरी. मी ओरडणार होते, ओठ दाबले.
किल्ली पडल्याचा आवाज झाला तेव्हा त्यांनी वर पाहिलं,
अरे, आलास का बाबा, म्हणाल्या,
जसा रोजच्या स्टॉपवरचा, रोजच्यासारखा उशिरा आलेला.

अभिप्रायात दोन ओळी:
खुर्ची टणक आहे.
पक्षी हुशार.

डगलशी घासाघीस करून पंचावन्नवर आले.
खुर्च्या बदलायचं त्याने लगेच कबूल केलं.