दहा विड्या थांब

कांडी आली तेव्हा मुठीत मावायची.
लूमच्या मागं चिंध्यांत पडलेली.
नरसय्या म्हणाला, सुताची कांडी समजून उचलली,
हातात घेतली तर हलायली.
नाव तिथंच ठरलं.

पहिल्या दिवशी तिनं सूप पालथं केलं.
दुसऱ्या दिवशी भिजवलेल्या पानांवर मुतली.
नंतर एकदा तंबाखू हुंगून
अशी शिंकत सुटली
की घरकुलातल्या बाया विड्या टाकून बघायला आल्या.
मी चप्पल उगारली.
ती पाठीवर पडली, पोट वर.
तेवढ्याशा पोटावर मारायला जागा कुठाय?
चप्पल हातातच राहिली.

श्रावंती म्हणायची, सिट.
मी म्हणायची, कूर्चो.
महानंदा तिच्या दारातून, कुंद्रु, कुंद्रु.
गल्लीतली पोरं, ए बस बे.
कांडी एकेकाच्या तोंडाकडं बघायची
आणि उभीच.
जनावर अडाणी नव्हतं,
आमचंच ठरत नव्हतं.

शेवटी नरसय्यानं कोडं सोडवलं.
तीस वर्षांच्या खडखडाटात त्याचे कान गेलेत.
लूमवर सगळं हातानंच बोलतात,
धागा तुटला, चहा आला, मालक आला.
त्यानं शेंगदाण्याचा अर्धा दाणा
तिच्या नाकासमोरून हळू वर नेला.
नाक वर गेलं, बूड आपोआप टेकलं.
दाणा लगेच.
उशीर केलास तर तिला वाटंल
भुंकल्याचा दिला, म्हणाला.
एवढं लांब वाक्य तो वर्षातून एकदा बोलतो.

थांब मी शिकवलं.
घड्याळ नाही, विड्या होत्या.
दोन विड्या वळेस्तोवर थांबली, दाणा.
मग पाच. मग दहा.
सहाव्या विडीला उठली तर ओरडायचं नाही,
परत चारवर यायचं.

माझ्या आईनं मला असं मोजलं नव्हतं.
सात वर्षांची होते.
मांडीवर सूप ठेवलं, म्हणाली बस.
चुकले की कात्रीची मूठ बोटांवर.
मी लवकर शिकले.
सगळ्यांना तसंच सांगते,
लवकर शिकले.

मे महिना, त्रेचाळीस डिग्री.
हजार विड्या बांधून निघाले,
दारातल्या लिंबाच्या सावलीत तिला तळवा दाखवला.
थांब.
कारखान्यात चेकरनं दोनशे छाटल्या,
हातात धरून बघितल्यासुद्धा नाहीत.
भांडले. बसले. परत भांडले.
आले तेव्हा तीन वाजलेले,
सावली भिंतीपलीकडं गेलेली
आणि कांडी तिथंच.
जीभ लोंबती,
पंजे आलटून पालटून उचलत होती,
बूड मात्र टेकलेलं.
पाण्याची वाटी चार हातांवर,
काठोकाठ भरलेली.

उठ म्हणायचं मी विसरले होते.
बस तिला दिलं, थांब दिलं,
सुटका तेवढी माझ्याजवळ ठेवली.

ओलं फडकं तिच्या पोटाला, पंज्यांना लावत राहिले.
ती माझी बोटं चाटायली,
तंबाखूनं कडू झालेली.
त्या दिवशी भात मीच जाळला,
कुणी काही बोललं नाही.

आता एक शब्द वाढवलाय. पो.
जा, झालं तुझं.
दहा विड्या थांब, मग पो.
कधी मुद्दाम तिसऱ्याच विडीला पो,
ती वाऱ्यासारखी नळापर्यंत जाऊन येते.
कारखान्याला निघताना
आधी पो, मग कुलूप.

गेल्या सोमवारी हजार पुऱ्या झाल्या,
सूप बाजूला सारलं,
गुडघे धरून उठले
आणि कुणाला कोण जाणे
मोठ्यानं म्हणाले, पो.

कांडीला वाटलं तिलाच.
तिनं माझी चप्पल उचलली,
तीच, उगारलेली,
आणि पाण्याच्या टाकीकडं पळाली.
मी एका चपलेवर मागं मागं,
महानंदा हसून हसून दाराला टेकलेली.

सोड हा शब्द तिला अजून येत नाही.
शिकवायचाय.
पण मी काही घाई करत नाही.