दोन ब्रेकची गाडी

माझ्या गाडीला ब्रेक दोन.
एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, एक माझ्या.
क्लचही दोन. हॉर्न मात्र एकच,
आणि तो आठ दिवस वाजला नाही.

आन्नेली तिचं नाव. फिनलंडची.
नवऱ्याचं काम पवईत, मुक्काम चौदा महिने.
म्हणाली, मागच्या सीटवर बसून शहर कळत नाही.
भांडुपच्या आमच्या ऑफिसात
म्हाडगुत शेठ हसले. मला म्हणाले,
'सुप्रभा, ही तुझी. डेंट पडला तर तोही तुझा.'

तिच्या देशात सगळं उलट हाताचं.
वळायचं असलं की वायपर फिरायचे
कोरड्या काचेवर, करकर.
सोनापूरच्या सिग्नलला गाडी थांबवली तिने
पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे,
फूटपट्टी लावून आखल्यासारखी.
मागून असा कल्ला उठला
की जणू आम्ही कुणाची वरात अडवली.
'हे सगळे माझ्यावर रागावलेत का?'
नाही गं, म्हटलं.
तो टेम्पो म्हणतोय, मी आहे.
ती रिक्षा म्हणतेय, मीपण आहे.
बस म्हणतेय, माझा ब्रेक उशिरा लागतो, तुझं तू बघ.
'आणि तो स्कूटरवाला?'
तो उगाच. त्याला सवय.

क्लास संपला की ती वहीत लिहायची,
गाडीतच, पट्टा न सोडता.
एकदा मला वाचून दाखवलं, अडखळत:
बंद पडलेली एक रिक्षा.
दुसरी रिक्षा तिला ढकलत नेतेय,
ड्रायव्हरच्या डाव्या पायाने.
दोघे गप्पा मारताहेत. पुढचा मागे वळून हसतोय.
खाली लिहिलं होतं, 'हे कोणत्या नियमात बसतं?'
मी म्हटलं, बसत नाही.
आणि मग मलाच वाटलं, बसत असेल कुठेतरी.

दहाव्या दिवशी एलबीएसवर
गॅस सिलिंडर खांद्यावर घेतलेला एक माणूस
आमच्याकडे न बघताच रस्त्यात उतरला.
मोकळा पंजा पुढे धरला फक्त,
दारात आलेल्या पाहुण्याला 'थांबा हं' म्हणावं तसा.
मी पाय रोवला. पण गाडी आधीच थांबली होती.
तिच्या ब्रेकने.
तो गेला. आभार नाहीत, नजर नाही.
ती मात्र खूश, गालापर्यंत लाल.
त्याच दिवशी पहिला हॉर्न वाजवला,
इतका हळू, की दार वाजवून
कोणी उघडू नये अशी इच्छा असावी.
काच खाली करून सॉरीसुद्धा म्हणाली. म्हशीला.

मी विचारलं, तुमच्याकडे कसं असतं?
चाळीस किलोमीटर, म्हणाली, दोन्हीकडे झाडं.
सांबराहून थोराड एका जनावराची पाटी,
जनावर क्वचित.
समोरून गाडी आलीच, तर
स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. एवढंच.
ओळखीचा असतो का समोरचा?
'नाही.'
मग कशाला?
तिने खांदे उडवले.
हिवाळ्यात, म्हणाली, पुढचं बोट दिसायला तासही लागतो.

शेवटच्या क्लासला गांधीनगरपासून पुढे
मी पाय सीटखाली दुमडून बसले.
तिला सांगितलं नाही.
फी दोन ब्रेकची घेतलेली असते.

परवा पहाटे बहिणीला गोरेगावला सोडून
आरेतून परतत होते, स्कूटरवर.
रस्त्यावर कोणी नाही. धुकं.
बिबट्याची पाटी, बिबट्या नाही.
समोरून दुधाचा एक टेम्पो आला.
कसं कोण जाणे, हँडलवरचं
माझं एक बोट वर गेलं.
त्याने काय समजून घेतलं देव जाणे,
हॉर्न वाजवला.
चांगला लांब.