सव्विसावी पायरी

वालपाराइसोच्या टेकडीवर गॅसच्या टाक्या वाहणाऱ्याला
भागाकार येत नसला तरी चालतं,
पायऱ्या यायला हव्यात.
पंधरा किलो गॅस, लोखंडाचं वजन वेगळं,
आणि एदुविहिस बाईंचं दार सव्वीस पायऱ्यांवर.

शाळेतून निवृत्त झाल्या त्या उन्हाळ्यात
बाईंनी होड्यांना लावतात तो निळा रंग आणला
आणि खालपासून पायरीला एकेक आकडा घातला.
तीन. सहा. शून्य. आठ. पाच.
मला वाटलं, घरनंबर.
"नाही रे. वाचत वाचत चढ.
जितकी पायऱ्यांची संख्या, तितक्यानं
तिथवरच्या आकड्यांना भाग जातो. निःशेष."
म्हणजे?
"मागे काही उरत नाही. उधारीसुद्धा."

छत्तीसला दोन. तीनशे साठला तीन.
तीन हजार सहाशे आठला चार,
इथवर मी तोंडी केलं,
खांद्यावर टाकी, कानात रक्ताचे ठोके.
सातव्या पायरीवर माझ्या पोरीनं, अमारांतानं,
टाकीच्याच पोटावर खडूनं मांडणी केली:
छत्तीस लाख आठ हजार पाचशे अठ्ठावीस भागिले सात.
पाच लाख पंधरा हजार पाचशे चार. बाकी शून्य!
तिनं आनंदानं टाकीवर थाप मारली, टाकी घणघणली,
आणि खालच्या गल्लीतून कुणी विचारलं,
गॅस आला का?

पंधरा आणि सोळा, लागोपाठ दोन शून्यं.
तिथे मी खांदा बदलतो.
बंदरातल्या क्रेन तिथून दिसू लागतात.

३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५

पंचविसाव्या पायरीवर पाच.
सव्विसावी, उंबऱ्यालगतची, कोरी.
रंग संपला का, मी आणून देतो, म्हटलं.
"शून्यापासून नऊपर्यंत कुठलाही लाव,
सव्विसानं भाग जात नाही.
अशी पंचवीस आकड्यांची दुसरी संख्या नाही,
आणि हिच्याहून लांब एकही नाही."

मी चिडलो, खरं सांगतो.
एवढं चढून यायचं
आणि दारात येऊन हात वर करायचे?

अमारांता दोन आठवडे काही बोलली नाही.
मग एका रविवारी तिनं तिथे खडूनं १ काढला.
"तेराला चालतो. तेरानं भाग जातो, मी करून पाहिला.
तेरा दुणे सव्वीस,
त्यातला तेरा तयार आहे.
दोन तेवढा अडून बसलाय."
बाई त्या एकाकडे बघत राहिल्या.
फडकं हातातच होतं. पुसला नाही.

बाईंची टाकी पूर्वी तीन आठवडे पुरायची.
दोन वर्षं झाली, सहा पुरते.
हा भागाकार मला कुणी शिकवला नाही.

समुद्रावरून धुकं येतं, खडू पुसट होतो,
सकाळी पुन्हा गिरवलेला असतो.
अमारांता म्हणते, मी नाही.
मी टाकी त्या पायरीवर टेकवत नाही.
पंचविसावरून पाय उचलतो तो थेट आत,
स्वयंपाकघरात.