लायलॅकच्या डावीकडे

घर घ्यायला आलेली माणसं वर बघतात:
छप्पर, पन्हळी, माळ्यावरची ओल.
मी खाली बघतो.
पस्तीस वर्षं मेनच्या या उत्तर टोकाला,
बटाट्याच्या शेतांच्या कडेकडेने,
लोखंडी सळई खुपसत फिरतोय.
ठक् म्हणजे दगड.
ठप् म्हणजे टाकी.

कोलेट पेल्की शाळेची बस चालवते.
दोन बिऱ्हाडांचं घर, दोन्हीकडे भाडेकरू,
हप्ता जाऊन महिन्याला एकशे चाळीस डॉलर उरतील
असा हिशेब तिने पेट्रोलच्या पावतीमागे मांडलेला.
विकणाऱ्याला मैलाटाकी कुठे ते माहीत नव्हतं.
नकाशा होता, म्हणाला, कुठेतरी.

एप्रिल, पण घोटाभर बर्फ.
सळई सतरा वेळा ठक् म्हणाली.
तेव्हा खालच्या बिऱ्हाडातली व्हर्ना टार्डिफ
घरातल्या सपाता तशाच घालून बाहेर आली.
"लायलॅकच्या डावीकडे. तिथला बर्फ
दरवर्षी आधी वितळतो.
मांजर बसलंय ना, तिथे."

मांजर उठलं.
ठप्.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात.
झाकल्या टाकीचं तसं नसतं.
झाकण सरकवलं. वास आला.
कोलेट मागे सरली नाही;
हे नोंदवहीत लिहायचं नसतं, पण लक्षात राहिलं.
वर साय, मध्ये पाणी, तळाला गाळ,
तोही पाव हिश्श्याच्या आत.
चिंध्या नाहीत, चरबीचे गोळे नाहीत.
हे आपोआप होत नाही.

"शेवटचा उपसा कधी?"
मालक आकाशाकडे बघायला लागला.
व्हर्नाने आम्हाला आत नेलं,
ताटल्यांच्या कपाटाचं दार उघडलं:
आतल्या बाजूला पेन्सिलीने सात तारखा,
एकोणीस वर्षांतल्या.
प्रत्येकीपुढे रक्कम.
"निम्मे माझे, निम्मे वरच्यांचे."
आणि मालकाचे?
तिने दार लावून घेतलं.

मग तिने मलाच विचारलं, हळूच,
भाडं वाढेल का?
जणू माझी सळई तेही शोधून काढते.
मी म्हणालो, बाई, मला फक्त
जमिनीखालचं कळतं.

अहवालात लिहिलं:
काँक्रीट, हजार गॅलन, शोषचर कोरडा,
स्थिती उत्तम.
कुणामुळे, हा रकाना त्या कागदावर नाही.

निघताना कोलेटने पेन्सिल मागितली.
कानामागची काढून दिली.
ती पुन्हा व्हर्नाच्या दाराकडे गेली,
काय बोलल्या, ऐकू आलं नाही.
मी गाडीत थोडा वेळ थांबलो,
मग निघालोच.
पेन्सिली काय, मिळतात.