वरची कवळी

बाबा गेल्यावर सगळं वाटून झालं.
घड्याळ धाकट्याकडे, छत्री माझ्याकडे.
पेल्यातली कवळी तेवढी राहिली.
कुणी टाकेना, कुणी ठेवेना.

रुमालात बांधली आणि पूलगेटला उतरलो.
मोबाइल कव्हरांच्या दुकानालगत अरुंद जिना,
वर पाटी : चायनीज डेंटिस्ट.
खालची चिनी अक्षरं उन्हानं खाल्लेली,
भिंतीवरच्या ओरखड्यांसारखी.

या बोळात म्हणे सात घरं होती त्यांची.
बूटवाले दोघे, एक पार्लर,
आणि गच्चीवर नूडल्स वाळवणारी एक म्हातारी,
जिला सगळा बोळ शेवयावाली म्हणायचा.
आता एकच घर. बाकीचे टोरांटोला.

दार उघडलं मिस हाउ सुइ-लान यांनी.
सत्तरी उलटलेली, गुडघ्याला क्रेप बँडेज.
‘कवली आहे होय,’ म्हणाल्या.
कॅम्पात ‘ळ’ कुणालाच जमत नाही.

खिडकीशी नेऊन भिंग लावलं.
टाळूच्या बाजूला, गुलाबीत,
मोहरीएवढी खूण.
‘आमचं आडनाव. वडील प्रत्येकीत कोरायचे.’

तीस वर्षं.
भाकरी, चतुर्थीचा मोदक, रामरक्षा,
आईवर चढलेला आवाज,
सगळं त्या आडनावाखालून गेलं.

‘नाव काय तुमच्या वडिलांचं?’
सांगितलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं.
‘परदेशी लोकांच्या रजिस्टरवर बसायचे, ते?’

बासष्टनंतर दर सोमवारी
त्यांचे वडील कोट घालून
माझ्या बाबांसमोर सहीला उभे.
लोणावळ्याला जायचं तरी अर्ज.
‘मी जायची बरोबर. शिक्क्याचं पॅड जांभळं होतं.’
घरी बाबा एवढंच म्हणायचे,
ऑफिसात फार काम.

मी विचारलं, एखादा सोमवार
सोडला का हो त्यांनी कधी?
‘एकही नाही.’
मग हसल्या. ‘आमच्या वडिलांनीही
एक रुपया सोडला नाही कवलीचा.
पण माप तीनदा घेतलं. टोचायला नको म्हणून.’

ठेवून घेता का, म्हटलं.
त्यांनी खण ओढला.
आत गिऱ्हाइकांनी न नेलेल्या कवळ्या,
कापसावर, उघड्या,
कुणाचं तरी वाक्य अर्ध्यावर राहिल्यासारख्या.
‘जागा नाही हो.’

जिना उतरलो. रुमाल खिशात.
पूलगेटपर्यंत चालताना
जीभ आपली सारखी
टाळूला जाऊन चाचपत होती.