मूळ कारण

उद्यमबागेत, भट्टीच्या मागल्या शेडमध्ये
टाकीवर वाकून मी बुडबुडे मोजतो.
चौदा वर्षं हेच.
व्हॉल्व्हची बॉडी पाण्यात सोडायची, आत हवा भरायची,
तिसापर्यंत आकडे म्हणायचे.
चांगल्या लोखंडाला काही बोलायचं नसतं.

त्या भाद्रपदात ते बोलायला लागलं.
चाळिसात अकरा.
कधी मानेपाशी, कधी फ्लँजच्या खाली,
सुईच्या टोकाएवढ्या भोकातून
एकामागे एक, सावकाश, वर.
"सुटूलालंय बघ," शट्टुप्पा म्हणायचा
जसा काही मीच आतून फुंकतोय.

मग शोध.
वाळूचा ओलावा मोजला, बरोबर.
बेंटोनाइट बदललं.
काकवी संकेश्वरकडची होती, अथणीकडची आणली.
कोअर दोनदा भाजले, पळीला नवं अस्तर दिलं,
रस ओतताना हिरेमठ साहेब स्वतः
डोळ्याला काच लावून उभे.
कोल्हापूरहून एक जाणकार आले,
वाळू मुठीत दाबली, मोडली, हुंगली,
म्हणाले, वाळूत काही नाही,
आणि जेवून गेले.
पुण्याच्या पोरानं संगणकावर रस वाहताना दाखवला,
निळा, हिरवा, मग तांबडा,
इतका देखणा की आम्ही डबे उघडायचे विसरलो.
त्याच्या बॉडीत भोक नव्हतं.
अमावास्येचं लिंबू तर भट्टीला असतंच.
त्याचाही एक रकाना आखावा
असं एकदा माझ्या मनात येऊन गेलं.

कार्तिकात कुणीतरी म्हणालं, मष्णू.

मष्णू बेकवाडचा. तीस वर्षं साचे भरतो.
डाव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत,
त्याच वाकड्या बोटांनी साचा वाजवून बघतो
बाजारात बायका मडकं बघतात तसा.
गळक्या अकरांत आठ त्याच्या साच्यातल्या.
चाळिसात तीस साचे त्याचेच असतात
हे कुणी मोजलं नाही. मीही नाही,
आणि माझं तर कामच मोजायचं.
भातकापणीला जा म्हटलं, पंधरा दिवस.
तो गेला.
गळती थांबली.

चाळिसात शून्य. परत शून्य.
साहेबांनी भजी मागवली.
खाताना कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

माणसं कमी पडली म्हणून त्याला परत बोलावलं.
पहिल्या सकाळी पेटीत वाळू टाकण्याआधी
त्यानं भरलेली मूठ माझ्यासमोर धरली.
"बघून घे."
एवढंच.
मी बघितली. वाळू होती.
त्या दिवशीही शून्य, आणि त्यानंतरही.
म्हणजे मष्णू नव्हता.
म्हणजे काकवी, अस्तर, कोअर, की भाद्रपदच,
की आम्ही कधी नावच घेतलं नाही असं काही,
जे आलं तसं खानापूर रोडनं निघून गेलं.

कोइम्बतूरच्या गिऱ्हाइकाचा फॉर्म आला.
सातवा रकाना: मूळ कारण.
साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "एन बरीली?"
मी म्हटलं, "गोत्तिल्ला री."
ते हसले, मग थांबले.
रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढं सरकत नाही.
त्यांनी लिहिलं: वाळूतील ओलावा. उपाय केला.
तिकडून चार दिवसांत मंजुरी आली.

आता पौष. पाणी गार, बोटं बधिर.
बॉड्या येतात, बुडतात, गप्प राहतात,
आणि मी साठापर्यंत मोजतो.
शट्टुप्पा विचारतो, का रं, तीस पुरत नाहीत?

त्या अकरांतली एक मी टेबलाखाली ठेवलीय,
भंगारात दिली नाही.
जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी झाली की
कधीकधी तीच सोडतो पाण्यात.
मानेपाशी, डाव्या अंगाला.
एक.
थोडं थांबून,
दोन.