त्याच जागेवरून

शारजात माझं काम एवढंच होतं:
महिन्याच्या पहिल्या गुरुवारी
लाल फुलीच्या दगडावर तिपाई रोवायची.
कोन तोच, भिंग तेच, सकाळचे सात.
कंपनीच्या कागदावर त्याला म्हणत, प्रगतीचे फोटो.

पहिल्या फोटोत उजव्या कडेला एक बर्जील आहे.
वारा धरणारा मातीचा मनोरा,
घरानं नाक वर काढावं तसा.
त्याखालचा म्हातारा, बू राशिद, मला आत बोलवायचा,
बरोबर मधोमध उभा करायचा,
आणि वरून गार झुळूक मानेवर उतरायची.
बाहेर अठ्ठेचाळीस.
मग बिनदुधाचा कहवा, तीन खजूर.
फोटोला मात्र कधी उभा राहिला नाही.
उंबऱ्यावरची त्याची वाटी तेवढी आलीय,
तीही हलली आहे.

सतराव्या फोटोत बर्जील अर्धा.
एकोणिसाव्यात त्याच्या जागी आकाश.
बाविसाव्यात काच,
आणि काचेत तिपाईपाशी एक ठिपका, म्हणजे मी.

पुढे त्यांनी बर्जील पुन्हा बांधला,
हॉटेलच्या दारात, पोटात एसीचा पाइप घालून.
त्याचाही फोटो मीच काढला.
बिल वेळेवर मिळालं.

आता ढालगावात स्टँडसमोर माझं दुकान आहे.
आधारचे, पासपोर्टचे, मयताच्या फ्रेमचे.
पण पहिल्या गुरुवारी शटर ओढतो
आणि पठारावर जातो.
तिथंही एका दगडावर मी फुली मारलीय.
सात पवनचक्क्या होत्या, आता एकतीस.

उन्हात तिथं झाड नाही.
मेंढरं खांबाच्या सावलीत
एकामागं एक, एका रेघेत बसतात.
सावली सरकते, रेघ उठते, सरकून बसते.
अकरा वाजले, बारा वाजले,
घड्याळाचा काटा लोकरीचा.

म्हाकू कोळेकर विचारतो,
"कुणी सांगितलंय रं मुलाणी, हे काडाय?"
"कुणी न्हाई."
"मग पगार?"
मी भिंग पुसत बसतो.

मला वाटलं होतं, हाही बाजूला सरकेल.
चौकटीच्या कडेची काठी तेवढी येईल,
पुढं कधीतरी मला हळहळायला पुरेल इतकी.
तर गडी पागोटं नीट करून समोर उभा.
"काड माजा. पोराला सोयरीक बगाय लागलोय.
त्यो हितंच वाचमन हाय, पंख्याच्या बुडात.
मागं पंखा समदा येऊ दे. पातं तोडशील!"

पातं मावेना.
मी तिपाई उचलली, मागं बाभळीपर्यंत गेलो,
तरी मावेना.
मग ओघळीत उतरलो, गुडघ्यावर बसलो.
मावलं.

घरी येऊन बघतो तर
म्हाकू, त्याच्यावर पंखा, तिन्ही पाती,
आणि पुढं, मधोमध,
माझा फुलीचा दगड आलाय,
आणि एक कोकरू तो हुंगतंय.